शेवटचा दिवस आणि आठ जणींची मुंबई

पत्र थोडक्यात असं:

दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. १९९३ साली दहावीला एका वर्गात असलेल्या आठ मैत्रिणी पुढच्या महिन्यात मुंबईला निघाल्या आहेत. नववी मैत्रीण डोंबिवलीला असते, तिच्या मुलाचं लग्न आहे. शनिवारी हळद, रविवारी लग्न आणि सोमवारी संध्याकाळी सीएसएमटीहून परतीची विदर्भ एक्स्प्रेस. म्हणजे मुंबई पाहायला सोमवार एवढाच. आठपैकी सहा जणींनी मुंबई कधीच पाहिलेली नाही. तिकिटं, पैसे गोळा करणं, घरोघरी जाऊन होकार मिळवणं, सगळं ताईंनी केलं. आता सोमवारच्या यादीवरून ग्रुपवर रुसवेफुगवे सुरू झाले आहेत. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, गेटवे, घारापुरीची लेणी, जुहू, बांद्र्याचे नटांचे बंगले, क्रॉफर्ड मार्केट, राणीची बाग. एकीचे गुडघे दुखतात. एक म्हणाली, 'मले चैत्यभूमीले जाचं आहे,' त्यावर दुसरी म्हणाली, 'तिथं तं सहा डिसेंबरले जातेत, आता काय हाये तिथं?' मग तो विषय मागे पडला. ताईंना स्वतःला समुद्राकाठी तासभर नुसतं बसायचं आहे. त्यांनी ते एकदा बोलून पाहिलं, तर उत्तर आलं, 'एवढ्या दूर जाऊन पाणीच पाहाचं काय व?' त्यात एका मैत्रिणीच्या नवऱ्याने बजावलं आहे, 'तुमच्या भरोशावर धाडतो, काही इकडंतिकडं होऊ देऊ नका.' ताई विचारतात, पुन्हा जाणं काही होत नाही, मग सगळ्यांची ठिकाणं एका दिवसात कशी बसवू? आणि मैत्रिणींना सोडून मी समुद्रावर बसले, तर तो स्वार्थीपणा होईल का?

प्रिय ताई,

तुमच्या चार पानांत क्रॉफर्ड मार्केटने पाऊण पान घेतलं आहे. नटांच्या बंगल्यांवरून झालेल्या वादाने अर्धं. चैत्यभूमीच्या वाट्याला दीड ओळ आली आहे, आणि तुमचा समुद्र तर शेवटच्या पानाच्या कडेला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखा. यादी कशी बसवायची ते बघूच. पण ती तयार कशी झाली, ते आधी बघू या.

ग्रुपवर जी तीनदा लिहिते, जिच्या मागे आणखी दोघी 'हो हो' म्हणतात, तिची ठिकाणं यादीत आली. जी एकदाच बोलली, तिचं गळलं. यात कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही. लग्नाच्या पंगतीतही हाक मारणाऱ्याच्या पानात आधी पडतं. पण इथे वाढणारी तुम्ही आहात, ताई. पंगतीच्या टोकाला जी गप्प बसली आहे, तिचं पान रिकामं आहे का, हे तुम्हीच बघायचं.

त्या मैत्रिणीबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झालं आणि दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तीच ही चैत्यभूमी. ६ डिसेंबरसाठी नागपूरहून खास गाड्या सुटतात, त्या बडनेऱ्याच्या फलाटावर तुम्हीही पाहिल्या असतील. नागपूरची दीक्षाभूमी आपल्या टप्प्यात आहे, सकाळच्या एसटीने जाऊन रात्री घरी येता येतं. चैत्यभूमी तशी नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे शेतात वेचणी जोरात. त्या दिवसांत घर, शेत आणि लेकरं टाकून चार दिवस निघणं, लाखोंच्या गर्दीत रांगेत उभं राहणं कुठल्याही बाईला दरवर्षी जमत नाही. तिच्या मनात हे किती वर्षांपासून असेल, ते तिला कुणी विचारलेलं दिसत नाही.

आणि एक गोष्ट बघा. 'आता काय हाये तिथं' असं सिद्धिविनायकाबद्दल कुणीच विचारलं नाही. मंगळवार नसला तरी सिद्धिविनायक असतो, तशी ६ डिसेंबर नसली तरी चैत्यभूमी असते. म्हणणारीला कदाचित माहीत नसेल, तिला मी दोष देत नाही. पण ऐकणारीला ते कसं लागलं असेल? तुम्ही लिहिता, 'मग तो विषय मागे पडला.' मला वाटतं, तिने तो मागे घेतला. एका बाकावर बसून ज्यांच्यासोबत दहावी केली, त्यांच्यापुढे तिला आपलं मागणं दुसऱ्यांदा मांडावंसं वाटलं नाही. हे मला घारापुरी राहून जाण्यापेक्षा फार मोठं वाटतं.

म्हणून यादीला हात लावण्याआधी तिच्याकडे जा. ग्रुपवर लिहू नका. घर जवळ असेल तर संध्याकाळी जाऊन बसा, दूर असेल तर फोन करा. 'तू म्हणाली होतीस ते राहून गेलं. आपण जाऊ. मी तुझ्याबरोबर येते.' एवढंच म्हणा. 'जमलं तर बघू' असं मात्र म्हणू नका, ते ती आयुष्यभर ऐकत आली असेल. सगळ्या आठ जणी आल्या तर फारच चांगलं. पण कुणाला ओढून नेऊ नका. तोंड पाडून आलेल्या सोबतीने तिचाच दिवस जायचा.

आता तुमचं ते वाक्य, 'पुन्हा जाणं काही होत नाही.' याला मी खोटं म्हणणार नाही. दारव्ह्याहून बडनेऱ्यापर्यंत बस, पुढे रात्रभर रेल्वे, हातातली कामं सोडणं, घरच्यांचा होकार. हे सगळं दुसऱ्यांदा जुळेल याची खात्री कोण देणार? पण त्या वाक्यातून तुम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला आहे, की जेवढं जमेल तेवढं उरकून घ्यायचं. मला त्यातून उलटाच अर्थ दिसतो. पुन्हा येणं होणार नसेल, तर जे पाहायचं ते पोटभर पाहावं.

मी सातवीत होते तेव्हा आमच्या शाळेची सहल नागपूरला गेली होती. एका दिवसात महाराजबाग, अजब बंगला, दीक्षाभूमी, अंबाझरी, फुटाळा. गुरुजींची शिट्टी वाजली की पळत बसमध्ये. अजब बंगल्यात काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर मला पुढच्या मुलीच्या वेणीची लाल रिबीन आठवते. फुटाळा मात्र आजही डोळ्यांपुढे आहे, कारण तिथे बसचं टायर पंक्चर झालं आणि आम्ही दीड तास काठावर बसून डब्यातल्या पोळ्या अन् जवसाची चटणी खाल्ली. पाण्यावर ऊन कसं हलत होतं, कोणती मैत्रीण काय बोलली, सगळं आठवतं.

तेव्हा यादी फाडा. प्रत्येकीला एका कागदावर एकच ठिकाण लिहायला सांगा, आणि शेजारी का, तेही एका ओळीत. 'का' लिहिलं की पुष्कळ भांडणं आपोआप मिटतात. बांद्र्याचा बंगला हवा म्हणणारीने कदाचित आपल्या पोरीला फोटोचा शब्द दिला असेल. मग ते वेड राहत नाही, आईने दिलेला शब्द होतो. क्रॉफर्ड मार्केट हवं म्हणणारीला कदाचित घरातल्या सगळ्यांसाठी काही ना काही न्यायचं असेल, आणि तेवढं मुंबईतल्या कुठल्याही बाजारात मिळतं. महालक्ष्मी, राणीची बाग, हाजी अली यांच्यासमोर कुणाचंच नाव आलं नाही, तर ती ठिकाणं फक्त 'मुंबई म्हटलं की' म्हणून आली होती असं समजा. असं होतं. मैत्रिणींना हवं असेल म्हणून प्रत्येक जण होकार देते, आणि शेवटी कुणालाच नको असलेल्या ठिकाणी सगळ्या उन्हात उभ्या राहतात.

काही ठिकाणं तर सोमवारच ठरवून टाकतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. उघडी असती तरी गेटवेहून लाँचने जायला तासाभराचा वेळ, तेवढाच यायला, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघेवाल्या मैत्रिणीला घेऊन आणि संध्याकाळची गाडी डोक्यावर ठेवून ते नकोच. जुहूही सोडा. मुंबई आपल्या गावासारखी मध्ये चौक आणि चहूकडे वस्ती अशी नाही, ती उत्तर-दक्षिण लांबट आहे. गाडी दक्षिणेच्या टोकाहून सुटणार आणि तुम्ही दुपारी उत्तरेला, यात शेवटचे तीन तास नुसता जीव टांगणीला लागेल.

मी तुमच्या जागी असते तर दिवस असा लावला असता. सोमवारी सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणारी लोकल म्हणजे काय, ते तुमच्या मैत्रिणीला विचारा. आठच्या गर्दीत आठ बायका आणि आठ बॅगा चढूच शकणार नाहीत. म्हणून पहाटे साडेपाचच्या सुमाराला निघा. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या धीम्या लोकल असतात, त्यात बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते. सव्वा तासाच्या आसपास सीएसएमटी. तिथल्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवता येतात, पण बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं. आधार कार्डही जवळ असू द्या. कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, म्हणून आठ छोटी कुलपं दारव्ह्याच्या बाजारातूनच घ्या. बॅगा गेल्या की हात मोकळे. तोंड धुवा, चहा घ्या, आणि बाहेर येऊन त्या इमारतीकडे मान वर करून बघा. १८८७ सालची ती वास्तू २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण तुम्हा आठ जणींना मला वेगळंच सांगायचं आहे. लहानपणी ज्या शकुंतला रेल्वेची शिट्टी तुम्ही ऐकली, ती वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी टाकलेली होती. दारव्ह्यावरून मूर्तिजापूर, तिथून मोठ्या रुळावर मुंबई. या शहरात कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन अजून आहे. आपल्या आज्यापणज्यांनी वेचलेला कापूस या शहरात तुमच्याआधी येऊन गेला आहे. तिथे पाहुण्यासारखं दबून उभं राहायचं कारण नाही.

सकाळी गर्दी सीएसएमटीकडे येते, उलट दिशेच्या गाड्यांना त्या मानाने श्वास घ्यायला जागा असते. त्याच वेळी तुम्ही दादरला जा. दादरला धीमी आणि जलद दोन्ही लोकल थांबतात, त्यामुळे चुकायची भीती कमी. चिंचपोकळी, करी रोडच्या पट्ट्यात खिडकीतून बघत राहा, त्या भागात एके काळी कापडगिरण्या होत्या. दादरला पूल चढावा लागेल. सरकता जिना शोधायला पाच मिनिटं गेली तरी चालतील, गुडघेवालीला घाई करायला लावू नका. पश्चिमेला स्टेशनबाहेर फुलांचा बाजार आहे, चैत्यभूमीसाठी फुलं तिथेच मिळतील. रिक्षा शोधू नका, मुंबई शहराच्या त्या भागात रिक्षा चालत नाही. काळी-पिवळी टॅक्सी चार जणींना घेते, म्हणजे दोन टॅक्सी. चालत गेलात तर वीस मिनिटं.

चैत्यभूमीला पुरेसा वेळ द्या. मागेच समुद्र आहे. तिथलं पाणी फार स्वच्छ नसतं आणि भरतीला वाळू उरत नाही, तेव्हा पाय बुडवायला नको. पण मैत्रीण वंदन करून येईपर्यंत तुम्ही काठावर उभ्या राहाल. तिने सांगितलं तर ऐका, ती गप्प राहिली तर गप्प राहा.

त्यानंतर दहाच्या सुमाराला वेगवेगळ्या व्हा. हो, वेगवेगळ्या. सिद्धिविनायक तिथून दोनेक किलोमीटरवर प्रभादेवीला आहे, सोमवारी मंगळवारएवढी रांग नसते, तिकडे जाणाऱ्या जाऊ देत. बांद्र्याला ज्यांना फोटो काढायचा आहे त्या दोघी दादरहून पश्चिम रेल्वेने तिसऱ्या स्टेशनवर उतरतील. तिथून बंगल्यांकडे रिक्षा मिळते, कारण रिक्षा बांद्र्यापासून पुढे चालतात. दीड वाजता दादरला एका ठरलेल्या खानावळीत भेटा आणि आठही जणी एकत्र जेवा. दुपारी पुन्हा सीएसएमटी. क्रॉफर्ड मार्केट तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, आणि त्याचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे हे बाजारात शिरण्याआधी सगळ्यांना सांगा. खरेदी करणाऱ्या तिकडे जातील. तुम्ही आणि गुडघेवाली मैत्रीण टॅक्सीने मरीन ड्राइव्हला जा. कट्टा आहे, पायऱ्या नाहीत, समोर फक्त समुद्र. साडेतीनला पोचलात तर दीड तास आरामात मिळतो. सव्वापाचला उठा, कारण त्या वेळी रस्ते तुंबायला लागतात. सहाला सगळ्या क्लोकरूमच्या दारात. सीएसएमटीला गाड्या तिथेच संपतात, त्यामुळे पूल न चढता फलाटावर जाता येतं. गेटवे हवंच असेल तर ते बाजाराच्या बदल्यात, दोन्ही नको.

तुम्हाला वाटतं आहे की वेगळं झालं म्हणजे सहल मोडली. ताई, तुम्ही आठ जणी गेली तीस-बत्तीस वर्षं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या शिवारांत आहात आणि मैत्री मोडली नाही. तीन तासांनी ती मोडणार नाही. उलट दीड वाजता जेवायला बसाल तेव्हा प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी असेल, जे बाकीच्यांनी पाहिलेलं नाही.

आता त्या भरोशाबद्दल. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या काळजीचा मी अनादर करत नाही. पण ज्या बाया मजूर लावतात, बियाणं आणतात, मापात खोट निघाली तर व्यापाऱ्याशी बोलतात, पोरांच्या ॲडमिशनसाठी यवतमाळला दहा खेटे घालतात, त्या मुंबईत पाऊल ठेवताच हरवणाऱ्या लेकरं होतात का? आठ जणींचा भार एकटीने डोक्यावर घेतलात तर तुम्ही दिवसभर माणसं मोजत राहाल, आणि मोजणाऱ्या बाईला समुद्र दिसत नाही. जबाबदारी वाटून टाका. एकीकडे पैसे, एकीकडे तिकिटं, एकीकडे वेळ. दोघी-दोघींच्या जोड्या लावा, प्रत्येकीने फक्त आपल्या जोडीदारणीवर लक्ष ठेवायचं. प्रत्येकीच्या ब्लाउजमध्ये किंवा पर्समध्ये एक कागद असू द्या, त्यावर तीन फोन नंबर, गाडीचं नाव, डबा आणि बर्थ. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. लोकलमध्ये कुणी मागे राहिलं तर पुढे गेलेल्यांनी ठरलेल्या स्टेशनवरच उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेलीने पुढच्या गाडीने यायचं. दोघींनी एकमेकींना शोधायला निघायचं नाही. 'स्टेशनवर भेटू' असंही ठरवू नका. सीएसएमटीला लोकलची बाजू वेगळी आणि लांबच्या गाड्यांची वेगळी, तिथे माणूस तासभर फिरतो. नेमकं दार ठरवा. त्या नवऱ्याला हे सगळं सांगा, आणि हेही सांगा की त्याच्या बायकोलाही एक काम दिलं आहे.

पैशाचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, की बसच्या बुकिंगचे चारशे रुपये स्वतःचे घातले आणि कुणाला सांगितलं नाही. सांगा. आजच ग्रुपवर हिशेब टाका. प्रवास, टॅक्सी आणि जेवण सामाईक पैशातून, पूजा आणि खरेदी ज्याची त्याने. न सांगितलेले चारशे रुपये परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत मनात चार हजार होतात.

नागपूर, पुणे, हैदराबाद असं दुसरीकडे निघालेल्या वाचकांनीही यातलं थोडं उचलायला हरकत नाही. शेवटच्या दिवसासाठी गाडीच्या स्टेशनजवळची ठिकाणं दुपारनंतर ठेवा, दूरची सकाळी. सुट्टीचा वार आधी विचारा. नागपूरला जाणारी किती माणसं सीताबर्डीच्या किल्ल्याच्या फाटकावरून परत येतात, कारण तो वर्षातून मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतो, हे त्यांना तिथे गेल्यावर कळतं.

राहिला तुमचा स्वार्थाचा प्रश्न. तुम्ही घरोघरी फिरून सात जणींसाठी होकार आणला, आणि तुम्हाला काय हवं हे लिहायला पानाची कड पुरेशी वाटली. तासभर कट्ट्यावर बसणं हा स्वार्थ असेल, तर सिद्धिविनायकाच्या रांगेत दोन तास उभं राहणं काय आहे? ते जसं त्यांचं मागणं, तसं हे तुमचं. आणि मला शंका आहे की तुम्ही मोकळेपणाने बोललात तर आणखी एखादी म्हणेल, 'मी बी येतो तुयासोबत.' तिलाही बहुधा नुसतंच बसायचं असेल.

तेव्हा कागद घेऊन बसाल तेव्हा पहिली चिठ्ठी तुमची असू द्या. 'समुद्र, एक तास,' एवढंच लिहा. कुणी विचारलं, पाणीच पाहाचं काय व, तर हो म्हणा.